उपरोधाकडून उपासनेकडे : भूमिकाखेळांतील यंत्रदैवताचा प्रवास

टॉर्च हे न्यूमेरिया नामक कल्पित देशातील एक गाव आहे. गावाजवळच्या टेकडीच्या माथ्यावर जांभळी ज्योत जळत असते आणि तिच्या आचेवर आकाशातून पडलेले दुर्मिळ धातू वितळविता येतात. गावाची सारी समृद्धी या ज्योतीवर उभी आहे. एके दिवशी ती विझते. शोधाअंती कळते, की टेकडीखाली गाडल्या गेलेल्या अवकाशयानाच्या अवशेषांतील ऊर्जा मेयांडा नावाची एक स्त्री दूर अंतरावरच्या भंगारनगरीकडे वळवीत आहे. मेयांडा स्वतः मानवाकृती यंत्र आहे, आणि ज्याच्यासाठी ती हे करते आहे तो तिचा देव, हेलियन, हेही यंत्रच आहे. पेझो या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने ऑगस्ट २०१४ ते जानेवारी २०१५ या काळात ‘पॅथफाइंडर’ या भूमिकाखेळासाठी प्रसिद्ध केलेल्या ‘आयर्न गॉड्स’ या सहा भागांच्या साहसमालिकेचा हा प्रारंभ. या मेयांडाला तिचा देव मंत्रसामर्थ्य देतो, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. तिची श्रद्धा फळते. यंत्रपूजेच्या वाङ्मयीन परंपरेत असे सहसा घडत नव्हते.

ही परंपरा बरीच जुनी आहे. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) या कथेत भूगर्भात राहणारी माणसे आपले सर्व जीवन चालविणाऱ्या यंत्राची पूजा करू लागतात. यंत्र बंद पडते तेव्हा त्यांच्या धर्माचा आणि जीवनाचा एकदमच अंत होतो. आयझॅक अॅसिमॉव्ह यांच्या ‘रीझन’ (१९४१) या कथेत अवकाशस्थानकावरील एक यंत्रमानव ऊर्जापरिवर्तकालाच परमेश्वर मानतो आणि इतर यंत्रमानवांना आपल्या पंथात ओढतो. दोन्ही कथांत वाचकाला जे ठाऊक असते ते भक्तांना ठाऊक नसते. कथेचा अर्थ या अंतरातून निष्पन्न होतो; तिची मूळ प्रकृती उपरोधाची आहे. अॅसिमॉव्हच्या कथेत मात्र एक लहानशी फट राहून गेली आहे. त्या यंत्रमानवाची श्रद्धा खोटी असूनही, किंबहुना त्या श्रद्धेमुळेच, तो स्थानकाचे काम बिनचूक करतो. माणसेही मग त्याचे मतपरिवर्तन करण्याचा नाद सोडून देतात. चुकीच्या श्रद्धेतून अचूक फल मिळत असेल, तर ती चूक सिद्ध करायची कोणाला आणि कशासाठी, हा प्रश्न विनोदाच्या आडून तेथे पहिल्यांदा डोकावतो.

भूमिकाखेळाने हा उपरोध उचलला. परंतु या वाङ्मयप्रकाराची रचनाच वेगळी असल्याने तो तेथे जसाच्या तसा टिकणे शक्य नव्हते. भूमिकाखेळाच्या संहितेला दोन प्रकारचे ग्राहक असतात. सूत्रधार ती वाचतो. खेळणारे ती कधीच वाचत नाहीत, ते तिच्यात वावरतात. शिवाय खेळणारा स्वतः विसाव्या शतकातील शहरी मनुष्य असतो आणि त्याचे पात्र मध्ययुगीन वाटणाऱ्या जगातील योद्धा किंवा मांत्रिक. डेव्ह आर्नेसन यांनी १९७५ साली ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत दिलेल्या ‘टेम्पल ऑफ द फ्रॉग’ या प्रकरणात दलदलीतील बेडूकपूजक पंथाचा प्रमुख मुळात दुसऱ्या जगातून आलेला आहे आणि त्याचे चमत्कार म्हणजे प्रगत साधने आहेत. प्रकाशित साहससंहितांतील ही अगदी आरंभीची, बहुधा पहिलीच. तिच्यातच पंथ आणि यंत्र एकत्र यावेत, याला केवळ योगायोग म्हणणे अवघड आहे. गॅरी गायगॅक्स यांची ‘एक्स्पिडिशन टु द बॅरियर पीक्स’ १९७६ च्या एका स्पर्धेत खेळली गेली आणि १९८० मध्ये ग्रंथरूपाने आली. तिच्यात डोंगरात अडकलेले अवकाशयान आहे, महामारीने मेलेले प्रवासी आहेत, अजून आपापली कामे करीत फिरणारे यंत्रमानव आहेत, पंथ नाही. तिच्यातील खरी नवलाई मांडणीची आहे. संहितेसोबत चित्रांची वेगळी पुस्तिका आहे, म्हणजे सूत्रधाराने वस्तूचे नाव न उच्चारता फक्त चित्र दाखवायचे; आणि ती वस्तू पात्राला वापरता आली की नाही हे ठरविण्यासाठी प्रवाहतक्ते आहेत. खेळणारा चित्रात बंदूक ओळखतो, पण त्याच्या पात्राने ती ओळखायची नसते. उपरोध येथे नियमांच्या रूपात बांधला गेला, तो इतका नेटका, की भूमिकाखेळाच्या इतिहासात त्याला क्वचितच तोड सापडेल.

तथापि याच खेळाच्या पोटात उपरोधाला मारक ठरणारे एक कलम आरंभापासून होते. १९७४ च्या मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून पुरोहित हे एक स्वतंत्र पात्रकुल आहे, आणि पुढे रूढ झालेल्या संकेतानुसार त्याचे मंत्र त्याला त्याच्या दैवताकडून मिळतात. म्हणजे देव खरा की खोटा, हा प्रश्न या जगात तत्त्वज्ञानाचा उरतच नाही. मंत्र मिळाला की देव सिद्ध झाला. आता एखाद्या यंत्राच्या भक्ताला मंत्र मिळू लागला तर ‘हे तर केवळ यंत्र’ असे म्हणणारा खेळणारा नियमांच्या दृष्टीने चुकतो. फॉर्स्टरच्या वाचकाची श्रेष्ठता येथे संपते.

कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ने (२००४) या पेचातून एक सूज्ञ वाट काढली. तेथे मंत्र श्रद्धेतून उपजतात. देव आहेत की नाहीत, हे संहिता जाणूनबुजून सांगत नाही. युद्धासाठी घडविलेल्या आणि युद्ध संपल्यावर तहाने माणूसपण मिळालेल्या ‘वॉरफोर्ज्ड’ या सचेतन यंत्रजातीत एक पंथ असा आहे, की त्याचा देव अद्याप व्हायचा आहे. त्याला राहण्यासाठी देह बांधणे हीच उपासना. निर्माता देव आणि निर्मित भक्त हा क्रम इतक्या साधेपणाने क्वचितच उलटविला गेला असेल.

‘आयर्न गॉड्स’ची भूमिका याहून धीट आहे आणि म्हणून अधिक अडचणीचीही. हजारो वर्षांपूर्वी कोसळलेल्या अवकाशयानाचे नावच ‘डिव्हिनिटी’, अर्थात देवत्व. अखेरच्या भागाचे शीर्षक ‘द डिव्हिनिटी ड्राइव्ह’ यानाचे इंजीन आणि देव होण्याची ओढ या दोन्ही अर्थांवर खेळते. यानाच्या अवशेषांत जागी झालेली युनिटी ही बुद्धी देवत्वाची आकांक्षा धरते; हेलियन हा तिच्यापासूनच निघालेला फुटवा. खेळणाऱ्यांनी तिला रोखायचे असते. मात्र मूर्तिभंजनाने कथा पुरी होत नाही. कधी काळी युनिटीच्या सेवेत असलेली आणि तिच्यापासून पळालेली कॅसँडली ही मानवाकृती यंत्रस्त्री यंत्रकोशात जतन झालेल्या मनाच्या रूपाने त्यांच्या हाती येते, आणि युनिटीच्या जागी तिला दैवतपदी बसविण्याची वाट खुली होते. देवाचा बुरखा फाडणाऱ्या खेळणाऱ्याच्या हाती देव घडविण्याचे काम येते, ते असे.

मराठी वाचकाला हे फारसे परके वाटू नये. देवघरातले यंत्र आणि कारखान्यातले यंत्र यांना त्याच्या भाषेत एकच शब्द आहे, आणि घडविलेल्या वस्तूत प्राणप्रतिष्ठा होऊ शकते ही कल्पना त्याला चमत्कारिक वाटत नाही. साम्य ताणणे मात्र धोक्याचे. प्राणप्रतिष्ठेत आधीच असलेल्या दैवताला आवाहन असते. कॅसँडलीचे दैवतपण आधी कोठेच नाही.

मालिकेची उणीव दुसरीकडे आहे. न्यूमेरियातील केलिड टोळ्या यंत्रांपुढे भयचकित होतात, आणि ‘टेक्निक लीग’ हा मांत्रिकांचा संघ यंत्रविद्येची मक्तेदारी राखून, अवशेषांतून पाझरणाऱ्या द्रवांची नशा राजाला लावून, राज्य करतो. संघाचे चित्रण राजकीयदृष्ट्या तीक्ष्ण आहे, टोळ्यांचे नाही. यंत्र पाहून गुडघे टेकणारा रानटी मनुष्य ही वसाहतवादी लेखनातील जुनी प्रतिमा आहे. मेलानेशियातील ‘कार्गो कल्ट’ या संकल्पनेत तेथील लोकांपेक्षा पाश्चात्त्यांच्याच इच्छा अधिक दिसतात, हे लॅमाँट लिंडस्ट्रॉम यांनी १९९३ मध्येच दाखवून दिले होते. ज्या संहितेने मेयांडाची श्रद्धा गंभीरपणे घेतली तिने केलिडांच्या भयाला मात्र इतिहास दिला नाही. उपरोध यंत्रभक्तावरून उठला आणि आदिवासीवर जाऊन बसला, एवढेच म्हणावे लागते.

पुढचा भाग खेळाबाहेरचा, प्रकाशनाच्या इतिहासाचा आहे. २०१७ साली त्याच संस्थेने ‘स्टारफाइंडर’ काढला. त्याच्या दूरच्या भविष्यकाळात कॅसँडली, घड्याळी यंत्रणेची देवी ब्रिग आणि एपॉक हे यंत्र मिळून ‘ट्रायून’ नावाचे त्रिमूर्ती दैवत झालेले आहे. त्याचा साक्षात्कार म्हणजे वेगवान अवकाशप्रवासाचे इंजीन कसे बांधावे याची सर्व लोकांना एकदमच मिळालेली माहिती. आणि त्या इंजिनाच्या प्रत्येक वापरागणिक इतर लोकांचे तुकडे तुटून या दैवताच्या प्रदेशाला जोडले जातात. येथे उपासना आणि वापर यांत फरकच उरलेला नाही. प्रवासी श्रद्धा ठेवो वा न ठेवो, तो दैवताचा प्रदेश वाढवीतच असतो. यंत्रदैवताच्या कल्पनेचे इतके निर्विकार आणि म्हणून इतके अस्वस्थ करणारे रूप आधीच्या संहितांत आढळत नाही. मूळ पॅथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी २०२० मध्ये निघालेल्या ‘गॉड्स अँड मॅजिक’ या ग्रंथात कॅसँडलीची नोंद इतर देवतांसारखीच, सरळ वर्णनात्मक भाषेत आली. यंत्रजीवन आणि विचारस्वातंत्र्य ही तिची क्षेत्रे म्हणून दिली गेली.

अर्थात ही नोंद मालिकेचा एकच शेवट अधिकृत मानते. एखाद्या गटाने कॅसँडलीचा कोश नष्ट केला असेल, एखाद्याने कोणालाच त्या आसनावर बसविले नसेल, एखादा गट युनिटीपुढे हरला असेल. भूमिकाखेळाच्या संहितेला असे अनेक शेवट असतात, आणि वाचककेंद्री समीक्षेला हा प्रकार प्रिय वाटतो तो यामुळेच. पण मालिकेच्या अखेरीस खेळणाऱ्यांच्या हाती आलेला निर्णय पाच वर्षांनी ग्रंथकारांनी परत घेतला, आणि तेव्हापासून नव्याने खेळायला बसणाऱ्या प्रत्येकाला कॅसँडली देवांच्या यादीत आधीच बसलेली भेटते.