सावकाराची पायली, भाईंची कोठी

मुरबाडच्या एसटी स्टँडवर उभे आहात ना? मग मोबाइल खिशात टाका आणि बूटही काढून ठेवा, ते पुढे कामाचे नाहीत. आता चला मागे. अजून मागे. एमआयडीसीच्या शेड गेल्या, डांबर गेलं, एसटीही गेली. 1930 नंतरची काही वर्षं उलटलीत, एवढं कळलं तरी पुरे. नेमकं साल सांगत नाही, कारण ज्या माणसाच्या अंगात तुम्हाला शिरायचंय त्यालाही ते माहीत नाही. त्याचं वर्ष राब भाजण्यापासून सुरू होतं आणि खळ्यावर संपतं. शहापूर घ्या, मुरबाड घ्या, पलीकडचं कर्जत घ्या, सगळीकडे हेच.

सध्या आषाढ आहे. तुम्ही गुडघाभर चिखलात वाकून आवणी करताय. पाठीवर इरलं आहे, त्यावर पाऊस सारखा ताडताड वाजतोय. वाळक्या पानांचा कुबट वास नाकात बसलाय. पायाच्या बोटांना चिखल्या झाल्यात, पाण्यात पाय असला की झोंबतं आणि बाहेर काढला की जास्तच झोंबतं. सकाळी नाचणीची आंबील पोटात गेली होती. ती केव्हाच जिरली. घरातली कणगी झाडूनपुसून झालीय, तिच्या बुडाशी हात फिरवला तर तूस तेवढं लागतं. गंमत बघा, दिवसभर हातात भाताची रोपं आणि संध्याकाळी चुलीवर टाकायला भात नाही.

मग जायचं कुठे? सावकाराकडे.

वाड्याच्या ओटीवर नका चढू! तुमची जागा खाली अंगणात, पागोळ्यांखाली. धोतर पिळा आणि उभे राहा. आतून तुपाच्या फोडणीचा वास येईल, तो मुकाट गिळा. बऱ्याच वेळाने दिवाणजी पायली घेऊन येतो. माप घालताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन... लाभ कोणाचा ते विचारू नका. त्याचा हात मात्र नीट बघा. पायली काठोकाठसुद्धा भरत नाही, वरून तळहात फिरवून सपाट करतो. हेच भात तुम्ही दिवाळीनंतर परत आणाल तेव्हा ती पायली शिगोशिग भरेल, वर शंकूसारखी रास चढेल, ओघळलेले दाणेही त्याच्याच अंगणात राहतील. शिवाय दिढी. एक मण नेलं तर दीड मण घालायचं. म्हणजे मापात एकदा मार आणि व्याजात पुन्हा. त्यावर जमिनीचा खंड वेगळा. कुळकायदा यायला अजून बराच अवकाश आहे, तेव्हा तक्रार करायची तर ती पावसाकडे करा.

कार्तिकात खळ्यावरही या एकदा. भाताच्या पेंढ्यांची धूळ अंगाला खाजतेय, झोडणीचा धपाधप आवाज चाललाय, पोरं राशीभोवती नाचतायत. तेवढ्यात दिवाणजीची छत्री दिसते आणि पोरं आपोआप गप्प होतात. संध्याकाळी रास त्याच्या गाडीत आणि पेंढा तुमच्या अंगणात. बैलाची तेवढी सोय झाली.

आता डोंगराच्या पायथ्याने कर्जतच्या अंगाला उतरा. तिथे एक वकील आलाय म्हणतात. वकील म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो, कारण आजवर पाहिलेला प्रत्येक वकील सावकाराच्या बाजूचा. हा वेगळा निघाला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, माथेरानच्या एका नाभिक घरातला मुलगा. गोऱ्या साहेबांच्या थंड हवेच्या त्या गावात, लाल मातीत माणसं माणसांना रिक्षात बसवून ओढायची. ते बघत हा वाढला. पुण्याला शिकला, मुंबईत वकिली शिकला आणि परत आला. पुढे माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्षही झाला. पण पालिकेच्या खुर्चीपेक्षा तुम्हाला त्याची कोठी बघायचीय. लोक त्याला भाई म्हणतात, तुम्हीही म्हणा.

ही बघा धान्यकोठी. दारातच नव्या भाताचा उबदार, किंचित धुळकट वास आहे. युक्ती साधी आहे. खळ्यावर मूठ सैल असते तेव्हा प्रत्येकाने थोडं भात इथे घालायचं आणि आषाढात चूल विझायला आली की इथूनच उचलायचं. परत करायचं, पण सावकाराची दिढी नाही. पायली एकच, देतानाही आणि घेतानाही. तुम्ही सवयीने अंगणात थबकलात ना? आत या. इथे मापाजवळ उभं राहून मोजून घेता येतं.

रात्री शाळेतही बसवतील तुम्हाला. चाळीसच्या वर शाळा भाईंनी या भागात सुरू केल्या. रॉकेलची चिमणी, तिचा काळा धूर, डोळे चुरचुरतायत, शेजारचा थकून पेंगतोय. नांगर धरणाऱ्या बोटांत पाटीवरची पेन्सिल मोडते. थुंकी लावून पुसा आणि पुन्हा काढा. अंगठ्याऐवजी सही आली की सावकाराच्या कागदावर काय लिहिलंय ते विचारायची हिंमत येते. वकिलाने शाळा का काढाव्यात, याचं उत्तर मला तरी यातच दिसतं.

1942 उजाडलं. ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झालाय, रॉकेल मिळेनासं झालंय. तुमच्या शेतावरून मात्र विजेच्या जाड तारा जातात, भिवपुरी-खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना पोचवायला. तुमच्या झोपडीत चिमणी आणि डोक्यावर तारांची गुणगुण! ऑगस्टमधल्या ‘चले जाव’ चळवळीनंतर भाई भूमिगत झाले, त्यांची ‘आझाद दस्ता’ ही तुकडी रात्री बाहेर पडू लागली. लोखंडावर करवतीचा किर्र किर्र आवाज, दाबलेले श्वास, आणि मग तारांचा अख्खा मनोरा कलंडतो. मुंबईत गिरण्या थांबतात. दस्त्यातली माणसं कुठून आली म्हणता? याच शेतांतून. मानिवलीचा हिराजी पाटीलही शेतकऱ्याचाच मुलगा. भाई नुसतं भाषण करून गेले असते, तर कोणी रात्री दार उघडलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. लोकांनी आधी त्यांच्या कोठीचं माप पाहिलं होतं.

शेवटचा टप्पा तुमच्या मुरबाडातला. सिद्धगडाचं रान, मार्गशीर्षातली थंडी. साग-ऐनाचा पाचोळा पायाखाली चुरचुर वाजतो, करवीच्या काटक्या अंगाला ओरबाडतात, उघड्यावर झोपलं तर दवाने घोंगडीही ओली होते. खबर फुटली. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे पोलिसांनी वेढा घातला. हिराजी गोळीने पडला. भाई आधी मांडीला जखमी झाले, मग हॉल नावाच्या अधिकाऱ्याने जवळून गोळी घातली. तीस वर्षं पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता त्यांना.

या आता परत, बूट घाला. खरंखुरं जायचं असेल तर 2 जानेवारीलाच जा. मुरबाडहून म्हसा, तिथून नारिवली आणि पुढे सिद्धगडचा पायथा. दरवर्षी त्या पहाटे लोक तिथल्या स्मारकापाशी जमतात. स्वेटर विसरू नका. आणि वाटेत एखादा ऐंशीच्या पुढचा शेतकरी बाबा भेटला, तर त्याला मनोऱ्यांचं नंतर विचारा, आधी दिढीचं विचारा.