टेस्टोस्टेरॉनचे उपचार सुरू आहेत? मग या तपासण्या चुकवू नका

पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल उचलायचा, उजाडेपर्यंत मंडईत गाळा लावायचा आणि रात्री उशिरा घरी परतायचं. वर्षानुवर्षं असं चाललं की चाळिशीनंतर थकवा येतो, पोट सुटतं, इच्छा कमी होते. मग कुणीतरी सुचवतं, "टेस्टोस्टेरॉन कमी झालं असेल, इंजेक्शन घे."

पण अपुरी झोप, लठ्ठपणा आणि मधुमेह यांमुळेही हे हार्मोन कमी होतं. त्यामुळे एका रिपोर्टवर निदान होत नाही. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त तपासावं लागतं. रात्री जागून काम करत असाल तर डॉक्टरांना तसं आधीच सांगा. खरी कमतरता असेल तर उपचाराचा फायदा होतो, मात्र तो दीर्घकाळ चालतो आणि त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

मूल हवं असेल तर
सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूकडून अंडकोषांना जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणू बनणं कमी होतं, कधी पूर्ण थांबतं. १९९०च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने याच इंजेक्शनची पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती! औषध बंद केल्यावर शुक्राणू परत यायला बरेच महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. मूल हवं असल्यास उपचार सुरू होण्याआधीच सांगा, दुसरी औषधं असतात.

रक्त घट्ट होणं
तांबड्या पेशी वाढून रक्त घट्ट होतं. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर डोस थांबवतात किंवा कमी करतात. ही तपासणी सुरुवातीला, मग ३ ते ६ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करावी. रोजात पाणी कमी पडल्यास आकडा वाढलेला दिसू शकतो, म्हणून रोजा असल्याचं सांगा. हिजामा हा यावरचा उपाय नाही.

हृदय, प्रोस्टेट आणि झोप
२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, ५ हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी होणं जास्त दिसलं. छातीत दुखलं, अचानक दम लागला किंवा एक पाय सुजला तर लगेच दवाखाना गाठा. बीपी मोजत राहा. चाळिशीनंतर पीएसए तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. लघवीला त्रास होत असेल किंवा झोपेत घोरताना श्वास अडकत असेल तर लपवू नका. प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्यांनी हे औषध स्वतःहून घेऊच नये.

घरच्यांची काळजी
जेल लावल्यावर हात साबणाने धुवा, जागा कपड्याने झाका. ते लहान मुलांच्या किंवा गरोदर बाईच्या अंगाला लागता कामा नये. कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची असते. रमजानमध्ये ती सहरी आणि इफ्तारला घेता येईल का, हे आधीच विचारून ठेवा.

मनाने बंद करू नका
औषध एकदम सोडलं तर शरीराचं स्वतःचं हार्मोन परत येईपर्यंत थकवा आणि उदासी वाढते. जिममधल्या मित्राच्या सल्ल्याने डोस वाढवणं तर त्याहून धोक्याचं. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल कुठे आहे हे बायकोलाही माहीत असू द्या.