शालिवाहनाचें मातीचें सैन्य आणि दिवाळीचा किल्ला

पैठणच्या शालिवाहनाची कथा वाचकांस ठाऊक असेलच. कुंभाराच्या घरीं वाढलेला हा मुलगा मातीचे हत्ती, घोडे व शिपाई करून त्यांशीं खेळत असे. पुढें विक्रम राजा त्याजवर चालून आला, तेव्हां त्यानें या मातीच्या सैन्यावर पाणी शिंपडून तें सजीव केलें व त्याच्या बळावर जय मिळविला, इ. स. ७८ पासून चालणारा शक हा त्या जयाचाच, असें कथा सांगते. इतिहासाच्या कसोटीस ही कथा उतरत नाहीं. विक्रम संवत् आणि शालिवाहन शक यांच्या आरंभांत १३५ वर्षांचें अंतर आहे. शिवाय हा शक प्रथम पश्चिमेकडील क्षत्रपांच्या लेखांतून व नाण्यांवरून रूढ झाला, शालिवाहनाचें नांव त्यास पुष्कळ मागाहून चिकटलें. तरीही ही कथा आम्हांस टाकाऊ वाटत नाहीं. राजाचें सैन्य मातीचें होतें, तें मुलानें स्वहस्तें केलेलें होतें आणि तें पैठणास झालें, या तीन गोष्टींत त्या भूमीची एक जुनी आठवण गुंतलेली दिसते.

कारण पैठणच्या मातींत अशीं बाहुलीं खरोखरच निघालीं आहेत. १९३७ मध्यें निजामाच्या राज्यांतील पुराणवस्तु खात्यानें तेथें उत्खनन केलें. त्यानंतरही शोध चालू राहिला. पैठण, तेर, भोकरदन या सातवाहनकालीन नगरांत भाजलेल्या मातीच्या स्त्रीपुरुषांच्या व पशूंच्या मूर्ति सांपडल्या असून, त्यांतील कित्येक पांढऱ्या केओलिन मातीच्या, अतिशय रेखीव अशा आहेत. त्या घडविण्याची रीति लक्षांत घेण्याजोगी आहे. मूर्तीची पुढची बाजू एका सांच्यांत व मागची दुसऱ्या सांच्यांत दाबून काढावयाची आणि दोन्ही अर्ध ओले असतांनाच जोडावयाचे. अशी मूर्ति आंतून पोकळ राहते, वजनास हलकी होते व भट्टींत सहसा तडकत नाहीं. एका सांच्यांतून एकाच चेहऱ्याचीं बाहुलीं हवीं तितकीं काढतां येतात, तेव्हां बाजारांतून विकत घेतलेलें बाहुलें ही कांहीं आजकालची वस्तु नव्हे.

याहून निराळी परंपरा पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें दिसते. डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून तेथें जें उत्खनन केलें, त्यांत तीन हजार वर्षांहून अधिक जुन्या एका घराच्या जमिनीखालीं कच्च्या मातीची एक लहानशी पेटी मिळाली. पेटींत मस्तक नसलेली स्त्रीमूर्ति होती. पेटीच्या झांकणावर दुसरी स्त्रीमूर्ति व एक बैल होता. मस्तकहीन मूर्तीच्या पोटास व बैलाच्या पाठीस भोंक असून, मध्यें काडी घालून ती मूर्ति बैलावर बसवितां येई. हें खेळणें नव्हे, घरची देवता असावी. परंतु सांच्यावांचून, एका घरासाठीं, हातांनीं घडविलेली व जोडावयाची सोय केलेली अशी ती मूर्ति आहे. सांचा व हात या दोन परंपरा महाराष्ट्रांत इतक्या जुन्या आहेत.

आमच्या मतें या दोन्ही परंपरा आज एकत्र येतात त्या दिवाळीच्या किल्ल्यावर. विटा व दगड रचावे, वर गोणपाट पसरून चिखल थापावा, उतारावर अळीव पेरावे, आणि मग डबा उघडून चित्रें मांडावीं हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘चित्रें’ हा शब्द येथें कागदावरील चित्रांचा नव्हे. भालेवाले मावळे, तुतारीवाला, गोलंदाज, डोक्यावर घडा घेतलेली गवळण, गुहेतला वाघ आणि सिंहासनावरील महाराज या सर्व बाहुल्यांस तोच शब्द लावतात. दरवर्षीं दोनचार नवीं येतात, एकदोन मोडतात आणि उरलेलीं जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून माळ्यावर जातात. पंधरा-वीस वर्षांत घरोघर असा एक संग्रह सहज सांचतो. मात्र त्यास संग्रह म्हणावें हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आमच्या छत्रपति संभाजीनगरांत या संग्रहापुढें एक अडचण उभी राहते. गेल्या दिवाळींत आमच्या घरीं देवगिरीचा किल्ला करावयाचें ठरलें. खंदक खणला, तासलेला कडा उभा केला, पत्र्याच्या नळीची अंधारी केली, चांदमिनार उभारला. शेवटीं सिंहासनावरील महाराज माथ्यावर ठेवावयाचे, तों घरांतील दहा वर्षांच्या नातीनें विचारलें, “आजोबा, हा किल्ला महाराजांनीं केव्हां घेतला हो?” खरें उत्तर एकच होतें : घेतला नाहीं. देवगिरि १६३३ मध्यें मोगलांच्या हातीं गेला आणि महाराजांच्या हयातींत तो मोगलांकडेच राहिला. मुलीनें महाराजांस पुनः डब्यांत ठेवलें व ती विचारूं लागली, “मग या किल्ल्यावर कोण होतें?”

बाजारांत या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. सांचा जें खपतें तेंच काढतो, म्हणून सर्व किल्ल्यांवर तेच मावळे उभे राहतात. यांत विक्रेत्याचा दोष नाहीं. परंतु १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजीचा हल्ला ज्याच्यावर आला तो रामचंद्रदेव यादव, किंवा १६१० मध्यें खडकी वसवून आजच्या या शहराचा पाया घालणारा मलिक अंबर, यांचीं चित्रें दुकानांत कोठून मिळणार? तीं घरींच करणें प्राप्त झालें.

डब्यांतला हात मोडलेला एक मावळा निवडला. त्याचें पागोटें सुरीनें खरवडून शाडूचें नवें बसविलें, भाला काढून टाकला व अंगरखा पांढरा केला. कारण अंबराच्या जुन्या मोगल व दख्खनी चित्रांत त्याचा वेष साधा व पांढरा दिसतो. मग चेहऱ्याचा प्रश्न आला. दुकानांतल्या सर्व मावळ्यांचे चेहरे एकाच गुलाबी रंगाचे असतात. अंबर तर हबशी. काजळी व गेरू कालवून त्याचा रंग सिद्ध केला. रामचंद्रदेवासाठीं तारेचा सांगाडा करून त्यावर कागदाचा लगदा चढविला. त्याचें समकालीन चित्र पाहावयास नाहीं, म्हणून धोतर, दागिने व केशरचना यांकरितां जुन्या देवळांवरील शिल्पें न्याहाळलीं. मुलीचा बाप, आई, आजी सर्वच या कामास लागलीं. एका वीतभर बाहुल्याच्या पागोट्यावरून घरांत जितकी ऐतिहासिक चर्चा झाली, तितकी एखाद्या ग्रंथानें झाली नसती.

अखेर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकेका टप्प्यास एकेक काळ दिला. माथ्यावर यादव, त्याखालीं अंबर व १६२४ च्या भातवडीच्या लढाईंत त्याच्या बाजूनें लढलेले शहाजी राजे. महादरवाजावर मात्र बाजारचेच मावळे, कारण १७६० मध्यें उदगीरच्या विजयानंतर हा किल्ला पेशव्यांस मिळाला होता. महाराजांचें सिंहासन शेजारच्या स्वतंत्र टेकडीवर मांडलें. ती १६७४ चा रायगड. महाराजांचा मान यानें उणावला, असें एका शेजाऱ्यांस वाटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. जो किल्ला त्यांचा नव्हता तो त्यांस देऊं करणें हा त्यांचा गौरव नव्हे. त्यांचे स्वतःचे किल्ले थोडे नाहींत.

बाहुल्यांचा हा नाद केवळ पोरखेळ होय, असें म्हणणारांस पाश्चात्य देशांतील एकदोन उदाहरणें सांगतां येतील. एच. जी. वेल्स या नामांकित इंग्रज ग्रंथकारानें १९१३ मध्यें खेळण्यांतल्या शिपायांच्या लढाईवर एक सबंध पुस्तक लिहिलें. अमेरिकेंत १९६४ मध्यें हॅस्ब्रो कंपनीनें सांधे वळणारा एक शिपाई विक्रीस काढला. मुलगे बाहुलीशीं खेळावयास लाजतील या भयानें त्यास ‘ॲक्शन फिगर’ असें नवें नांव दिलें. अशीं बाहुलीं जमवून, त्यांचीं डोकीं-हात बदलून व पुनः रंगवून त्यांतून आपल्या मनाजोगतीं पात्रें घडविणारीं कुटुंबें आज जगभर आहेत. आमच्या नातीनें मावळ्याचें पागोटें खरवडलें तें यांतलें कांहींएक ठाऊक नसतां.

एकच गोष्ट मनास लागून राहते. भाजलेलीं बाहुलीं पैठणास दोन हजार वर्षें टिकलीं. इनामगांवची कच्ची मूर्ति कोणीं तरी घराखालीं जपून ठेवली म्हणून राहिली. आमचें घरगुती काम शाडूचें व लगद्याचें. एका पावसाळी गळतींत तें जावयाचें. आणि तें टिकलें तरी तें कोणाचें, कोणीं केलें, हें कळणार कसें? कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सांपडलेल्या यक्षाच्या हातावर कण्हदास नांवाच्या सोनारानें आपलें नांव कोरून ठेवलें आहे, म्हणून तो कारागीर आज आपणांस ठाऊक आहे. आम्ही हाच धडा घेतला. डबा माळ्यावर चढविण्यापूर्वीं मुलीनें प्रत्येक चित्राच्या तळाशीं सुईनें तीन गोष्टी कोरल्या : चित्र कोणाचें, केलें कोणीं आणि वर्ष कोणतें. ज्यांच्या घरीं असा डबा असेल त्यांनीं येत्या दिवाळींत एवढें करावें, अशी आमची विनंति आहे.