हरळीची काडी

कोरेगावच्या शिवारात, वाघ्या घेवड्याच्या ओळीत तुम्ही खुरपं घेऊन बसला आहात. हरळी उपटता, हिरवा झुबका हातात येतो आणि खाली काहीतरी तुटल्याचं बोटांना कळतं. काडी मातीतच राहिली, तिथून हरळी पुन्हा फुटणार. इथेच डोळे मिटा.

उघडाल तेव्हा १९२८ साल, अमेरिकेतलं बाल्टिमोर. सर्जन वॉल्टर डँडी यांनी ग्लायोमा या मेंदूतल्या गाठीच्या रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढला आहे. इतकं काढल्यावर आजार उरेलच कुठे, असं तुम्हालाही वाटतं. पण तो परततो. पेशी केव्हाच गाठीच्या कडेपलीकडे पांगलेल्या असतात.

आता २००५. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे किरणोपचार, सोबत टेमोझोलोमाइड या औषधाच्या गोळ्या. ग्लायोब्लास्टोमा या आक्रमक ग्लायोमाच्या रुग्णांचा मध्यक जीवितकाळ १२.१ महिन्यांवरून १४.६ वर जातो. अडीच महिने. घरातल्या माणसाला विचारा, त्यात एक दिवाळी मावते.

आणखी दहा वर्षं पुढे, नवी मुंबईतलं खारघर. टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेतली डॉ. शिल्पी दत्त यांची प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. किरणांनी ग्लायोब्लास्टोमाच्या बहुतेक पेशी मेल्या आहेत. मूठभर उरल्या, त्यांचं विभाजन थांबलं. एकमेकींत मिसळून त्यांच्या अनेक केंद्रकांच्या थोराड पेशी झाल्या. दिवस जातात. आणि मग त्यांच्यातून पुन्हा वाढ सुरू होते.

आता इतके लहान व्हा की गाठीतल्या एखाद्या पेशीच्या आत शिराल. टेमोझोलोमाइड डीएनएवर खुणा उमटवतं. चुका तपासणारी यंत्रणा धड असेल तर त्या खुणांपायीच पेशी मरते. पण काही रुग्णांत ही यंत्रणाच मोडते, एमएसएच६ सारखं जनुक बिघडतं. मग पेशी तगते आणि चुका साठवत जाते, हजारोंनी. परतलेली गाठ पहिलीचीच सख्खी असते, चेहरा मात्र बदललेला.

अशा वेळी जुन्या रिपोर्टवर भागत नाही. शक्य असेल तिथे गाठीचा नवा तुकडा काढून तपासायला हवा. आणि पथ्य चुकलं का, गोळी राहिली का, असं स्वतःला विचारत रात्र काढणाऱ्या रुग्णाच्या बायकोला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं: ताई, तुमचं काही चुकलं नाही, काडी पहिल्या दिवसापासून आत होती.

पुन्हा शिवारात डोळे उघडता. ऊन उतरलं आहे. हातातला झुबका बांधावर टाकता आणि खुरप्याचं टोक त्याच जागी, थोडं आणखी खोल घालता.