रेषेपलीकडचे शेत

लेकीकडे ओरेगनात हिल्सबरो गावी राहावयास गेलो, तेव्हा संध्याकाळच्या फेरफटक्यात एका गोष्टीने मला बुचकळ्यात टाकले. रस्त्याच्या डाव्या अंगाला घरे अगदी दाटीने, एकाच साच्यातून काढलेल्या करंज्यांसारखी. उजव्या अंगाला मात्र नांगरलेले रान, पार टेकड्यांपर्यंत. मध्ये ना नदी, ना कुंपण.

"पलीकडे कोणी घर का बांधत नाही?" मी विचारले.

"बाबा, इथे शहराची रेषा संपते," जावई म्हणाले.

रेषा आपल्याकडेही असते. गावठाणाची हद्द असते, बिनशेतीचा दाखला असतो. पण इतकी पाळलेली रेषा मी प्रथमच पाहत होतो. तिचा इतिहास शोधण्याचा मला नादच लागला.

ओरेगन हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे राज्य. त्यातले विलामेट नदीचे खोरे मोठे सुपीक. मुळात ही कलापुया लोकांची भूमी. १८५० च्या कायद्याने ती गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटली गेली. आधी येऊन राहिलेल्या जोडप्यास ६४० एकर! बैल जुंपलेल्या गाड्यांबरोबर महिनोन् महिने वाट तुडवीत माणसे आली, ती या मातीसाठी. आणि शंभर वर्षांनी त्याच मातीत घरे उगवू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, वस्ती वाढली. शहरातला माणूस शेताच्या मधोमध घर बांधी आणि मग शेजारच्या शेणाच्या वासाची तक्रार करी. जमिनीचे भाव चढले, भावाबरोबर कर चढला.

१९६१ मध्ये शेतीसाठी राखलेल्या जमिनीवर शेतीच्याच मोलाने कर घेण्याची सोय झाली. १९६९ मध्ये प्रत्येक शहराने आणि कौंटीने आराखडा करावा, असा कायदा झाला. कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. ओरेगनात असे ३६ आहेत. कायदा झाला खरा, पण त्यामागे पैसा नव्हता. बऱ्याच ठिकाणी काम रेंगाळले.

मग पुढे आले हेक्टर मॅकफर्सन. हे लिन कौंटीतले गाईम्हशींच्या धंद्यातले, म्हणजे म्हशी सोडून नुसत्या गाईंच्या धंद्यातले शेतकरी, आणि राज्याचे सिनेटर. शेते गिळली जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांना साथ मिळाली पोर्टलंडच्या टेड हॅलॉक यांची, आणि तीही विरुद्ध पक्षातून. गव्हर्नर टॉम मॅकॉल हे पूर्वाश्रमीचे पत्रकार. ८ जानेवारी १९७३ रोजी त्यांनी विधिमंडळापुढे जमिनीच्या उधळपट्टीवर असे कोरडे ओढले की ते भाषण तिकडे अजून आठवतात. २९ मे १९७३ रोजी कायद्यावर त्यांची सही झाली.

यातली खुबी अशी. धोरणे राज्याच्या सात जणांच्या आयोगाने ठरवायची, पण आराखडा ज्या त्या कौंटीने, लोकांचे ऐकून, स्वतः करायचा. प्रत्येक शहराभोवती वीस वर्षांच्या वाढीला पुरेल एवढी जागा धरून रेषा आखायची. आत घरे, बाहेर शेती व रान. रेषा पुढे सरकवता येते. मात्र गरज चारचौघांत सिद्ध करावी लागते.

हे सर्वांना गोड वाटले असे समजू नका. १९७६, १९७८ आणि १९८२ असे तीनदा हा कायदा मोडण्यासाठी मतदान झाले. १९८२ साली मॅकॉल कर्करोगाने पोखरले होते, तरी त्याच्या बचावासाठी हिंडले. कायदा वाचला. त्या भाषणाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, ८ जानेवारी १९८३ रोजी, ते वारले.

पण दुसरी बाजूही होती. रेषेबाहेरच्या म्हाताऱ्या माणसाने आपल्याच जमिनीचा तुकडा लेकराला घरासाठी द्यायचा म्हटला, तर कायदा आडवा येई. २००४ साली मतदारांनी कौल दिला की नियमाने मोल घटले तर भरपाई द्या, नाही तर नियम सोडा. हजारो दावे दाखल झाले. तेव्हा २००७ मध्ये त्याच मतदारांनी मधला मार्ग काढला : थोडी घरे बांधा, वसाहती नकोत. रेषा अशी भांडत भांडतच टिकली आहे.

हे वाचताना मला माझेच शेत आठवत होते. हमरस्त्याकाठचे आमचे साडेतीन एकर मी प्लॉट पाडणाऱ्याला विकले. त्या पैशांवर ही लेक शिकली आणि इथवर आली. बांधाला लागून धाकट्या भावाचे रान. आता तिथल्या इमारतींचे सांडपाणी त्याच्या विहिरीत झिरपते. तो मला काही बोलला नाही. नुसते बोलणे कमी केले.

आपल्या राज्यातही १९६६ चा नगररचना कायदा आहे. आराखड्याच्या मसुद्यावर हरकत नोंदवण्याचा हक्क त्यात आहे. आमच्या भागाचा मसुदा निघाला तेव्हा भाऊ म्हणाला होता, "दादा, जाऊन येऊ या." मी म्हणालो, "आपले कोण ऐकतो?"

यंदाच्या दिवाळीत भाऊबीज आटोपली की मी गावी जाणार आहे. पुढचा मसुदा निघेल तेव्हा हरकतीच्या कागदावर त्याच्या सहीखाली माझी सही असावी, एवढे त्याला सांगायचे आहे.