चार हातांचं विमान

लाकूड तासून विमानाची प्रतिकृती घडवणाऱ्यांना प्लॅस्टिकचे तयार संच पहिल्यापासून खटकत आले. भाग कारखान्यातून बनून यायचे आणि मुलानं ते नुसते चिकटवायचे, मग यात त्याचं कसब कुठलं, असं ते विचारतात. त्यामुळे मॉडेल विमानांचा इतिहास पुष्कळदा घसरणीचा म्हणून सांगितला जातो: आधी चाकू आणि लाकूड, मग खोका आणि गोंद. यातला क्रम मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाजूनं पाहिलं, तर तोच इतिहास उलटा दिसतो. जोवर विमान लाकडातून कोरावं लागत होतं, तोवर एवढ्या लहान मुलाला शेजारी बसून पाहण्यापलीकडे फारसं काही करता येत नव्हतं. तयार संचानं मोठ्या माणसाकडची कामं एकेक करून कारखान्याकडे नेली आणि टेबलापाशी रिकाम्या झालेल्या जागी मूल येऊन बसलं.

ही जागा आधीपासून नव्हती का? उडत्या खेळण्यांची प्रसिद्ध कथा घ्या. अल्फोन्स पेनो यानं १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या तुइलरी बागेत पिळलेल्या रबराच्या जोरावर एक छोटं विमान ११ सेकंद उडवून दाखवलं. त्याच्याच रचनेवरून निघालेलं, बांबू, बूच आणि कागदाचं एक भिरभिरतं खेळणं १८७८ मध्ये बिशप मिल्टन राइट यांनी अमेरिकेत आपल्या दोन मुलांसाठी घरी आणलं. ते मोडलं तेव्हा मुलांनी तसलीच नवी बनवली, मोठी करून पाहिली, आणि आकार वाढवला की ती नीट उडत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे हीच मुलं राइट बंधू म्हणून जगाला ठाऊक झाली. या कथेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. ऑर्व्हिल तेव्हा ७ वर्षांचा होता, पण त्याच्या शेजारी ११ वर्षांचा विल्बर होता. धाकट्याच्या कामाला थोरल्याचे हात लागलेले होते.

लाकडी मॉडेलांच्या काळात धाकट्याचा वाटा आणखी कमी झाला, कारण आता हुबेहूबपणा हवा होता. ब्रिटनमध्ये १९३०च्या दशकात १/७२ हे प्रमाण रुळलं. एक इंच म्हणजे सहा फूट, त्यामुळे विमानाशेजारचा माणूस जेमतेम इंचभर. या प्रमाणात पंखाची जाडी केसभर चुकली तरी दिसते. १९३६ मध्ये फ्रॉग या ब्रिटिश नाममुद्रेनं ‘पेंग्विन’ मालिकेत सेल्युलोज ॲसिटेटचे संच आणले. पेंग्विन न उडणारा पक्षी, म्हणून न उडणाऱ्या मॉडेलांना ते नाव. हे प्लॅस्टिक काळाच्या ओघात वाकायचं. पण घडवण्याचं काम साच्यानं करायची सुरुवात तिथे झाली. मग युद्ध आलं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलानं देशभरच्या माध्यमिक शाळांकडे विमान ओळखण्याच्या सरावासाठी १/७२ प्रमाणातली ५,००,००० लाकडी मॉडेलं मागितली. ती नकाशाबरहुकूम कोरून, आकार तपासून, काळी रंगवून द्यायची होती. लाकडी युगातलं हे एक मोठं सामूहिक काम, आणि ते करणारी मुलं शाळेच्या वरच्या वर्गांतली होती. आपल्याकडेही राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत बाल्सा लाकडाची विमानं बनवतात ते किशोरवयीन छात्रच. ज्या कामात धारदार पातं आणि मिलिमीटरची नजर लागते, ते सात वर्षांच्या मुलाच्या हाती कुणी देत नाही, आणि देऊही नये.

हे चित्र पालटलं ते कंगव्यांच्या कारखान्यात. हंगेरीत जन्मलेल्या निकोलस कोव्ह यांची लंडनमधली एअरफिक्स ही कंपनी युद्धानंतर प्लॅस्टिकचे कंगवे बनवत होती. वितळलेलं प्लॅस्टिक दाबानं पोलादी साच्यात भरण्याचं यंत्र तिच्याकडे होतं. अशा कामात सगळा खर्च साच्याचा असतो, एकदा साचा झाला की पुढचा प्रत्येक नग स्वस्त. १९५२ मध्ये एअरफिक्सनं ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचा संच वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकायला ठेवला. किंमत एवढी खाली आणण्यासाठी खोक्याऐवजी पिशवी आणि वर कागदी पट्टी लावली होती. थोड्याच वर्षांत त्याच पद्धतीनं स्पिटफायर हे लढाऊ विमान आलं. पंख, शेपूट, चाकं, वैमानिक, सगळं घडवलेलं, फक्त काड्यांच्या चौकटीतून सोडवायचं. आता आक्षेपाकडे वळू. हे बनवणं नव्हे, नुसती जुळणी आहे, असं म्हणणाऱ्यानं दिवाळीचा किल्ला आठवून पाहावा. तिथे मावळे बाजारातून आणलेले असतात, दगड-माती मोठी माणसं वाहून आणतात, तरी किल्ला मुलाचाच असतो, कारण बुरूज कुठे आणि गुहा कुठे, हे तो ठरवतो. विमानाच्या संचात ठरवायला त्याहून कमी वाव आहे, हे खरं. त्या बदल्यात तिथे क्रम शिकावा लागतो. वैमानिक आणि त्याची बैठक आधी रंगवायची, मग धडाचे दोन अर्धे मिटायचे, एकदा मिटले की आत ब्रश जात नाही. उद्याच्या अडचणीसाठी आज थांबायचं, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलाला बोलून समजत नाही, मिटलेल्या धडासमोर बसून समजते.

मग मोठ्या माणसाचं काम संपलं का? संपलं नाही, बदललं. या संचांचा गोंद खरं तर चिकटवत नाही, दोन्ही कडांचं पॉलिस्टायरीन विरघळवून त्यांना एकजीव करतो. तो विमानाच्या पारदर्शक भागावर सांडला तर तो भाग कायमचा धुरकट होतो. त्यातल्या द्रावकाची वाफ घातक असते. १९६०च्या दशकात अमेरिकेत मुलं ती मुद्दाम हुंगू लागली, तेव्हा टेस्टर्स या कंपनीनं १९६९ मध्ये गोंदात मोहरीचं झोंबरं तेल मिसळलं. पुढे दाबून बसणारे भाग आणि पाण्यात मिसळणारे रंग आले, तसा धोका घटला, तरी कापणं आणि चिकटवणं अजून मोठ्यांच्या देखरेखीतलंच आहे. दुसरी जबाबदारी याहून जड आहे. पहिलं मॉडेल बहुधा लढाऊ विमानाचंच का असतं, हा प्रश्न रास्त आहे. एक कारण मापाचं: १/७२ प्रमाणात स्पिटफायरचे पंख साधारण साडेपंधरा सेंटिमीटर भरतात, म्हणजे तळहातावर मावतात, तर त्याच प्रमाणात बोइंग ७४७ जवळपास मीटरभर लांब होईल. पण मापानं सगळं उत्तर मिळत नाही. या छंदाला युद्धाचं आकर्षण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या संचांतून नाझींच्या स्वस्तिकाचं चिन्ह वगळलं जातं किंवा तुकड्यांत दिलं जातं. कायद्याला तेवढंच करता येतं. हे विमान कुणावर गेलं, खाली कोण होतं, हे खोक्यावरच्या चित्रात नसतं. ते शेजारी बसलेल्या माणसानंच सांगायचं असतं, आणि मुलानं विचारण्याआधी त्याची तयारी केलेली बरी.

उरला रंग. कारखान्यानं सगळं घडवून दिलं तरी पृष्ठभाग कोरा ठेवला, म्हणून मुलाची खरी सत्ता इथे चालते, आणि मोठ्यांची घुसखोरीही इथेच होते. सूचनापत्रात वरून तपकिरी-हिरवे पट्टे दाखवलेले असतात, मुलाला गुलाबी हवा असतो, आणि मोठा माणूस ब्रश हातात घेऊन ‘असं नसतं’ म्हणतो. इतिहासाच्या नावानं केलेली ही दुरुस्ती इतिहासालाच धरून नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन वैमानिक मान्फ्रेड फॉन रिख्टहोफेन यांचं विमान भडक लाल होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं टेहळणीची छायाचित्रं घेणारी काही स्पिटफायर विमानं फिकट गुलाबी रंगवली होती, कारण ढगांच्या खालून उडताना पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या उजेडात तो रंग आभाळात मिसळून जायचा.