मण्यांची चिठ्ठी

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेत 'इंक्वादी' म्हणजे पत्र, पुस्तकही. (त्यातला 'क' आपण चुकचुकतो तसा वाजवतात.) तरुणीने प्रियकरासाठी ओवलेल्या मण्यांच्या पट्टीलाही हेच नाव.

काचेचे मणी समुद्रापलीकडून आले. झुलू प्रदेशाच्या उत्तरेला मापुंगुब्वेत ते सुमारे 1000 वर्षांपूर्वीच, हिंदुस्थानातूनही, पोहोचले होते. 19व्या शतकात युरोपचे मणी मुबलक झाले आणि ही कला बहरली.

पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या तक्त्यांत प्रत्येक रंगाचा एकच अर्थ छापतात. भाषा शिकवणाऱ्या मला ते पटत नाही. अर्थ शेजारच्या रंगावर, गावावर, नात्यावर ठरतो. उर्दूत एका नुक्त्याने 'खुदा'चा 'जुदा' होतो, तसाच. शाळेच्या हिशेबात मात्र या बायका निरक्षर!

आणि चिठ्ठी मिळालेला तरुण ती लपवत नसे. गळ्यात घालून चारचौघांत मिरवी.